साल्हेरचे स्मरण

फेब्रुवारी महिना साल्हेरच्या रणसंग्रामाचा. १६७२ साली मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी या गडाचा वेढा मोडून मोगलांना उघड्या मैदानात पराभूत केले. सूर्यराव काकडे धारातीर्थी पडले. २०२५ मध्ये युनेस्कोने साल्हेरला जागतिक वारशात स्थान दिले. परंतु केवळ सन्मानाने इतिहास जिवंत राहत नाही. गडावर दाणागोटा कोणी पोहोचविला, हजारो घोड्यांना वैरण कोठून आली, उद्ध्वस्त शिवारांचे पुढे काय झाले, हे प्रश्न सनावळीत मावत नाहीत. सुरगाण्याच्या विद्यार्थ्याला तर साल्हेर आपल्याच जिल्ह्यातला. शाळांनी वर्षातून एक सहल तेथे न्यावी आणि हे प्रश्न गडाच्या पायथ्याशीच विचारावेत. हार-तुरे संध्याकाळपर्यंत सुकतात. मनात रुजलेला प्रश्न मात्र जन्मभर टिकतो.