शर्यतीची मोटार : ‘हलकी’ या विशेषणाचा विचार

मराठीत ‘हलका’ हा शब्द वजनाचा तसाच प्रतीचाही निदर्शक आहे. शर्यतीच्या मोटारीबाबत हे दोन अर्थ कटाक्षाने वेगळे ठेवावे लागतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ११०० हे उदाहरण घेऊ. गिरगाव-दादरकरांना ती टॅक्सी म्हणून परिचित. परंतु मद्रासजवळील शोलावरमच्या शर्यतींतही ती धावली. तिचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम. समजा, मागील आसने, गालिचे इत्यादी काढून ते ८१० वर आणले, तर तेवढ्याच ओढीने प्रवेग सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. शिवाय त्याच वेगावरून थांबताना ब्रेकना १० टक्के कमी उष्णता सोसावी लागते. केवळ इंजिनाची शक्ती वाढविल्यास पहिला लाभ मिळतो, दुसरा नाही. कारण वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. म्हणून निवडीत वजन प्रथम पाहावे. फेरफार मात्र टायर, ब्रेक, स्प्रिंगा व शेवटी इंजिन या क्रमाने करावेत. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई असल्याने अशी मोटार शर्यतीच्या मार्गापुरतीच ठेवावी. वजन घटवावे ते अंतर्भागातून, सांगाड्यातून नव्हे. सांगाडा कापल्यास मोटार दुसऱ्या अर्थाने हलकी होते, आणि त्याचे प्रायश्चित्त चालकाच्या देहाला भोगावे लागते.