घरातील धान्यसाठवण : आधी ओलावा, मग कोठी

सन १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीची साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. तेच अन्न खाणारी गावातील कुत्रीही मेली. कारण अखेर घरोघरी साठविलेल्या मक्यात सापडले. काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता, मका ओलसर स्थितीतच घरात भरला गेला आणि त्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केले. नेहमीच्या शिजविण्या-भाजण्याने हे विष नष्ट होत नाही. ते यकृतावर आघात करते.

इतकी मोठी दुर्घटना विरळाच. परंतु ती ज्या चुकीतून घडली ती चूक आजही घरोघरी होते. साठवणीचा विचार सुरू झाला की डबे, पिंपे, कोठ्या यांच्या किमतींची चर्चा प्रथम होते. धान्य भरण्यायोग्य सुकले आहे काय, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक गहू, ज्वारी, बाजरी, मका ही तृणधान्ये वर्षभर ठेवावयाची तर त्यांतील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. कडधान्यांसाठी ही मर्यादा ९ ते १० टक्के, तर शेंगदाण्यासारख्या तेलबियांसाठी ७ ते ८ टक्के आहे. तेलबियांचा आकडा कमी असण्याचे कारण साधे आहे. तेलाचा अंश पाणी धरीत नाही, त्यामुळे उरलेल्या भागात ओलावा एकवटतो आणि बुरशीला तेवढा पुरतो.

ओलावामापक यंत्र जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वा बाजार समितीत पाहावयास मिळते. ते हाताशी नसल्यास मिठाची चाचणी करावी. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग कोरडे मीठ आणि त्याच्या दुप्पट धान्य घालून झाकण लावावे, चांगले हलवावे व दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ बरणीच्या कडांना चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. मात्र मीठ न चिकटणे म्हणजे १२ टक्के गाठले असे नव्हे. त्यानंतरही एक-दोन कडक उन्हे द्यावीत. दाताखाली दाणा ‘कट्‌’ असा आवाज करून फुटतो का, ही जुन्या माणसांची परीक्षा येथे सोबतीला घ्यावी. पॉलिश केलेल्या तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, दाणे तडकतात. तो सावलीत पसरावा.

वाळविलेले धान्य पूर्ण निवल्यावरच भरावे. गरम धान्य पत्र्याच्या कोठीत भरले की रात्री कोठीची भिंत थंड होते, आतील वाफ तिच्यावर दवासारखी जमते आणि कडेचे धान्य कुजू लागते. दोष मग कोठीला दिला जातो!

कडधान्यांची गोष्ट वेगळी आहे. तूर, हरभरा, मूग, चवळी यांना लागणारा भुंगेरा बहुधा शेतातूनच घरात येतो. पक्व होत आलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते. मळणीच्या वेळी अळी दाण्याच्या आत असते आणि दाणा बाहेरून निर्दोष दिसतो. सुमारे महिन्याभरात गोल छिद्र पाडून भुंगेरा बाहेर पडतो. तो स्वतः साठवणीतील दाणा खात नाही. मादी मात्र आजूबाजूच्या दाण्यांवर ८० ते १०० अंडी चिकटवून मरते. दोन-तीन पिढ्यांत पोते पोखरले जाते. ‘डबा बंद होता, तरी किडे आले कोठून?’ असे शेतकरी विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

म्हणून कडधान्य भरण्यापूर्वी आतील अळी मारणे महत्त्वाचे. काळ्या कापडावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे व कडा दाबून टाकाव्यात. उन्हाळ्यात आतील तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तासभर टिकल्यास अंडी व अळ्या मरतात. पेरणीच्या बियाण्यासाठी हा उपाय वापरू नये, उगवणशक्ती घटण्याचा धोका असतो. यानंतर किलोला ५ मिलि, म्हणजे चहाचा एक चमचा, खाद्यतेल वा एरंडेल दाण्यांना चोळावे; तेलाच्या थराखाली नवी अंडी जगत नाहीत. उघड्या तोंडाच्या रांजणात अथवा मडक्यात ठेवलेल्या कडधान्यावर ७ सेंटिमीटर जाडीचा कोरड्या वाळूचा थर देण्याची रीतही उपयोगाची आहे. शक्य असेल तर वर्षभराच्या तुरीचा मोठा भाग लवकर भरडून डाळ करून ठेवावा. फुटलेल्या, सालरहित डाळीवर हा भुंगेरा फारसा वाढत नाही.

आता कोठीचा आकार. राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला माणशी २५० ग्रॅम तृणधान्ये व ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचविली आहेत. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ४५५ किलो तृणधान्य व १५५ किलो कडधान्य लागते. कष्टाची कामे करणाऱ्या कुटुंबात त्याहून अधिक. ४५५ किलो गव्हाला साधारण ६०० लिटर जागा लागते, म्हणजे २०० लिटरची तीन पिंपे. एक मोठी कोठी घेण्यापेक्षा अशी लहान पिंपे सोयीची. एक उघडून वापरात असताना उरलेली दोन बंद राहतात. पिंप रसायनाचे असू नये, कितीही धुतले तरी.

पारंपरिक साधनांची समृद्धी देशभर दिसते. महाराष्ट्रातील शेणमातीने सारवलेली कणगी आणि जमिनीतील पेव, केरळचे लाकडी पत्तायम, तमिळनाडूचे कुदिर, आसामचे उंचावरील भराल ही त्या त्या हवेला धरून घडलेली आहेत. मातीच्या कोठीतून ओल झिरपू नये म्हणून नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने मातीच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथिनचा पडदा असलेली पुसा कोठी विकसित केली. अलीकडे तीन पदरी हवाबंद पिशव्या उपलब्ध आहेत. पिशवीतील किडे आतला प्राणवायू संपवितात आणि मग स्वतःच मरतात. परंतु पिशवी वारंवार उघडली तर हा लाभ राहत नाही. म्हणून उघडल्यापासून महिनाभरात संपेल एवढीच पिशवी भरावी. ओले धान्य हवाबंद केल्यास ते आंबते, हेही लक्षात ठेवावे.

कोणतीही कोठी भिंतीपासून फूटभर दूर आणि फळीवर ठेवावी. नवे धान्य जुन्यावर ओतू नये.

सर्वांत निकडीचा विषय धान्यात ठेवल्या जाणाऱ्या गोळ्यांचा. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू पोत्यातून, फटींतून सहज बाहेर येतो. त्यावर उतारा नाही. या गोळ्यांचे धुरीकरण केवळ शासकीय यंत्रणा वा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे, असे देशातील निर्बंध सांगतात. तरीही गावोगावी त्या सुट्या मिळतात आणि ज्या खोलीत धान्य असते त्याच खोलीत मुले झोपतात. विस्तार कार्यकर्त्यांनी ‘जपून वापरा’ असा सल्ला देऊ नये. राहत्या घरात त्या वापरूच नयेत, असे स्पष्ट सांगावे. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर यांनाही स्वयंपाकघरात स्थान नाही.

स्वयंपाकघरातील डब्यांत पंधरा दिवसांचाच माल असावा. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू होऊ लागते, ते थोडे थोडे दळून आणावे. रवा, मैदा, बेसन यांत किडे दिसू लागतात तेव्हा डब्याच्या कडांत व झाकणाच्या आट्यांत जुने पीठ साचलेले असते. डबा रिकामा करून धुऊन, उन्हात कोरडा करूनच पुन्हा भरावा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वापरातील पिंपात कोपरापर्यंत हात घालून पाहावे. धान्य आत उबदार लागले, कुबट वास आला अथवा तळहाताला पीठ लागले, तर त्याच आठवड्यात उघडीप साधून ते बाहेर काढावे. मक्याचे अथवा भुईमुगाचे बुरशी आलेले दाणे निवडून जनावरांना घालू नयेत, जमिनीत पुरावेत. औषध लावलेले रंगीत बियाणे वेगळ्या खोलीत, ठळक खूण केलेल्या आणि कुलूप लावलेल्या पेटीत ठेवावे.