हिवाळ्यातली बाग आणि पाण्याचा हिशेब

‘हिवाळ्यात झाडांना जपावे’ असे बागकामाच्या पुस्तकांत हमखास लिहिलेले असते. थंड देशांत ते खरेच आहे. तेथे पेशींतील पाणी गोठून झाडे मरतात. पण आपल्या पेण-रोह्याकडे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. हिवाळ्यात दुपारी तर तो पुष्कळदा ३० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. मग येथे झाडांना जपायचे तरी कशापासून? थंडीपासून नव्हे, तर कोरड्या हवेपासून!

थोडा हिशेब करून पाहू. ३० अंश तपमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्या हवेत २७ ग्रॅम बाष्प आधीच असते; म्हणजे आणखी फक्त ३ ग्रॅम मावेल. हिवाळ्यातल्या एखाद्या दुपारी आर्द्रता ४० टक्के आहे असे समजा. आता हवेत १२ ग्रॅमच बाष्प आहे आणि १८ ग्रॅमांची जागा मोकळी आहे. तपमान तेच, पण हवेची तहान सहापट! माती, पाने आणि कुंड्या यांतून ती पाणी ओढून घेते. ऊन आणि वारा यांची त्यात भर पडते.

रायगड जिल्ह्यात चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे जवळजवळ आठ महिने कोरडे जातात. रोह्याला कुंडलिकेचा आधार आहे; भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी या नदीत येते. पेणच्या खारेपाटात मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही ओढाताण होते. जानेवारीत परसात ओतलेली प्रत्येक बादली म्हणजे मे महिन्याच्या साठ्यातून घेतलेली उसनवारीच. म्हणून हिवाळ्यातले बागकाम म्हणजे मुख्यतः पाणी वाचवण्याचे काम होय.

पहिले काम खुरपणीचे. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्या केशनलिकांसारख्या असतात. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. नळी जितकी बारीक, तितके अधिक उंच. याच केशाकर्षणाने खालची ओल वर येते आणि उडून जाते. आळ्यातली वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खुरप्याने भुसभुशीत केली की या वाटा तुटतात. भेगाही बुजतात.

दुसरे काम आच्छादनाचे. पेंढा, पालापाचोळा किंवा भाताचे तूस आळ्यात पसरावे. त्यामुळे ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि मातीलगतची दमट हवा वाऱ्याने वाहून जात नाही. पाचोळा जाळून टाकणे म्हणजे हाती आलेले पांघरूण जाळणे!

पाणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मुळाशीच द्यावे. कुंडीत बोट खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाण्याला सुट्टी. मातीच्या कुंडीच्या बाजूंतूनही पाणी झिरपून उडते, म्हणून ती लवकर सुकते. प्लॅस्टिकच्या कुंडीत तसे होत नाही. दोन्हींना सारखेच पाणी दिले, तर एक तहानेल आणि दुसरीची मुळे कुजतील.

आता कुंड्यांच्या जागा. जूनमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. २२ डिसेंबरला तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून अवघ्या ४८ अंशांवर असतो. दक्षिणाभिमुख पडवीचे छत अडीच मीटर उंच असेल, तर त्या दिवशी मध्यान्हीचे ऊन सुमारे सव्वादोन मीटर आत येते. पावसाळ्यात सावलीत सुखाने वाढलेले नेचे त्याच जागी करपतात. ते मागे सरकवा आणि ती जागा शेवंती-झेंडूला द्या.

हे सारे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. भाताच्या कापणीनंतर खाचरात पेरलेला वाल पाटाच्या पाण्यावाचून पिकतो. तो दवावर येतो, असे अनेकजण म्हणतात. निरभ्र रात्री पाने उष्णता उत्सर्जित करून हवेपेक्षाही थंड होतात. वरच्या उदाहरणातली हवा सुमारे १५ अंशांपर्यंत निवली की तिच्यातले बाष्प दव होऊन साठू लागते. पण एका रात्रीचे दव सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ते सकाळचे बाष्पीभवन थोडे लांबवते, इतकेच. वालाचा खरा आधार म्हणजे मुळांना खोलवर सापडणारी मातीतली ओल. पोपटीच्या मडक्यात ज्या शेंगा वरून पाणी न घालता शिजतात, त्यांच्यातला रसही त्याच ओलीचा!

विद्यार्थी मित्रांनो, हे करून पाहा. सारख्या आकाराच्या दोन कुंड्यांत सारखीच माती भरा आणि सारखेच पाणी घाला. एकीवर पेंढ्याचा चार बोटे थर द्या. दोन्ही उन्हात ठेवून आठवडाभर रोज ठरावीक वेळी तराजूवर वजन करा आणि आलेख काढा. दोन रेषांमधील अंतरात पहिल्या दिवसापासून झालेली वाढ म्हणजे वाचलेले पाणी. त्यावरून आपल्या शाळेच्या बागेत मे महिन्यापर्यंत किती बादल्या वाचतील, याचे गणित वर्गात मांडा. आणि मग खुरपे हाती घ्या.