बिऱ्हाड चाकांवर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. विंचवाची मादी आपली नुकती जन्मलेली पिल्ले खरोखरच पाठीवर घेऊन हिंडते. पिल्लांनी पहिली कात टाकली, की ती खाली उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात. माणसांत मात्र अशी कुटुंबे आहेत, की ज्यांचे बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या उतरलेच नाही. ते पाठीवर नव्हे, तर चाकांवर होते.

वऱ्हाडातल्या खेड्यांना अशी कुटुंबे अनोळखी नाहीत. गावाच्या कडेला, झाडाखाली गाडी सोडून भाता पेटवणारा घिसाडी किंवा गाडी लोहार तुमच्या आजोबांनी नक्की पाहिला असेल. वखराची पास, कुऱ्हाड, विळा, खुरपे यांना तो धार लावी, नवे घडवून देई. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरी, बाई दोन्ही हातांनी घण घाली आणि पोर भाता हलवी. काम संपले, की बिऱ्हाड पुढच्या गावाला. राजस्थानातील गाडी लोहारांची परंपरा सांगते, की १५६८ मध्ये चितोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी घर न बांधण्याची शपथ घेतली. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत या लोकांनी पुन्हा चितोडगडात प्रवेश केला. आता अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. काही अजून फिरतात.

दुसरीकडे, हौसेने चाकांवर राहणारेही आहेत. इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये दोन घोड्यांची ‘वाँडरर’ नावाची गाडी केवळ भटकंतीसाठी बांधून घेतली. पुढे मोटारी आल्या आणि झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली ‘कॅम्पर’ गाडी जन्माला आली. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण आखले. काही जण तर बारा महिने अशा गाडीतच राहतात.

घिसाड्याची गाडी असो की मोटार, निसर्गाचे नियम दोघांनाही सारखेच लागू. घराखालची जमीन आपल्याला गुपचूप बरेच काही देत असते. ती सोडली, की प्रत्येक गोष्टीचा हिशेब करावा लागतो. तो हिशेबच आज आपण पाहू.

धाव कशी चढते?

आधी चाक. बैलगाडीचे लाकडी चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरचे वाकडे पाटे. हे सारे तुकडे एकत्र आवळून धरते ती लोखंडी धाव. तिला ना खिळ्यांचा आधार लागतो, ना डिंकाचा. मग ती बसते कशी?

लोखंड तापले की प्रसरण पावते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर १ मीटर लोखंडाची लांबी सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. हे अगदीच थोडे वाटेल. पण गणित करून पाहू. चाकाचा व्यास १.४ मीटर धरला, तर परीघ सुमारे ४.४ मीटर. धाव गोवऱ्यांच्या जाळात ५०० अंशांनी तापवली, तर परिघाची वाढ होईल ४.४ × ०.०१२ × ५०० = सुमारे २६ मिलिमीटर, म्हणजे एक इंचभर! कारागीर धाव चाकाच्या परिघापेक्षा थोडी लहानच करतो. तापून मोठी झालेली धाव चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. धाव आक्रसते, आरे तुंब्यात घट्ट बसतात, सांधे करकरतात आणि चाक एकजीव होते. ज्यांनी उष्णतेचा धडा कधी वाचला नव्हता, त्या हातांना किती आखूड धाव करायची हे नेमके ठाऊक होते.

दीड पोस्टकार्डावर उभे घर

धावेची रुंदी जेमतेम दोन इंच. सगळे ओझे एवढ्याशा पट्टीवर येते. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ कमी, तर दाब जास्त. कठीण सडकेवर धाव सुरेख चालते. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतत जाते. टेकण्याची जागा पुरेशी मोठी होईपर्यंत ते रुततच राहते. ही माती पाणी शोषून फुगते आणि मऊ होते. त्यामुळेच फिरत्या लोकांचा पावसाळ्यात एका जागी मुक्काम असे. त्यांचे पंचांग मातीच ठरवी.

हवेच्या टायरने हा प्रश्न बराच सोडवला. आपल्याकडे अशा टायरच्या बैलगाडीला ‘डनलॉप’च म्हणतात. टायर दबून पसरतो आणि जमिनीवरचा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाइतकाच राहतो. समजा, २,५०० किलोग्रॅमची कॅम्पर आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोग्रॅम दाब आहे. मग चारही टायर मिळून सुमारे ७१४ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतील. म्हणजे एका टायरच्या वाट्याला जवळपास १८० चौरस सेंटिमीटर, दीड पोस्टकार्डाएवढी जागा! आख्खे घर अशा चार ठिकाणी उभे असते.

म्हणून वजनाला फार महत्त्व. प्रत्येक गाडीच्या नोंदणी पुस्तकात तिचे कमाल वजन लिहिलेले असते. ते ३,५०० किलोग्रॅम आहे आणि रिकामी गाडी २,५०० ची आहे असे समजा. उरले १,०००. पलंग, कपाटे, ओटा यांचे ४००, चार माणसांचे २४०, पाण्याचे १००, बॅटरी वगैरेंचे ६०. उरलेल्या २०० मध्ये धान्य, कपडे, गॅस, भांडी आणि तुमची पुस्तके. घिसाड्याच्या गाडीत ऐरण आणि घण आधी चढत, मग बाकी संसार. कारण पोट त्यांच्यावर होते.

सर्वांत जड सामान : पाणी

१ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम. ग्रामीण भागात नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे (२०१९) उद्दिष्ट आहे. चार माणसांचे झाले २२० लिटर. वरच्या गाडीत टाकी आहे १०० लिटरची! म्हणजे अर्ध्या दिवसाचेही पाणी नाही. चाकांवर राहणारा माणूस म्हणून तांब्याभर पाण्यात हात, तोंड, भांडी सगळे उरकायला शिकतो. तरीही त्याला रोज विहीर नाही तर नळ शोधावाच लागतो.

आणि इथे भातकुलीचा धडा आहे. अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. हा पट्टा पुढे अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. येथील गाळाच्या जाड थरांत क्षार साठून राहिले आहेत. विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. खारपाणपट्ट्यातल्या अनेक विहिरी ही मर्यादा ओलांडतात.

उकळून हे पाणी गोडे होईल का? नाही. उकळल्याने जंतू मरतात. पण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे पाणी उलट अधिक खारे होते. फडक्याने गाळूनही उपयोग नाही, कारण विरघळलेला क्षार फडक्यातून सहज निसटतो. म्हणून अशा गावांत गोडे पाणी दुरून आणावे लागते. पाहुण्या बिऱ्हाडाला दिलेला हंडा तिथे केवळ पाण्याचा नसतो. तो गावाच्या तोंडचा घास असतो.

ऊन, वीज आणि हवा

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जुन्या धाब्याच्या घराची भिंत हात-दीड हात जाड मातीची असते. दुपारची उष्णता तिच्यातून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. तो काही मिनिटांत तापतो. म्हणून कॅम्परला आतून उष्णतारोधक अस्तर, बाहेरून पांढरा रंग आणि गरम हवा निघून जायला छतात झरोका हवा. घिसाड्याचा उपाय सोपा होता : गाडी लिंबाच्या सावलीत सोडायची.

विजेचेही तसेच. छतावर २०० वॉटचे सौर पॅनेल असेल आणि दिवसाकाठी पाच तासांचे कडक ऊन मिळाले, तर कागदावर १,००० वॉट-तास वीज मिळते. गळती वजा जाता ७००-८०० उरते. ३० वॉटचा पंखा १० तास चालला, तर ३०० खर्च. ५ वॉटचे तीन दिवे ५ तास, तर ७५. थोडी वीज शिल्लक राहील. पण १,००० वॉटचे वातानुकूलन यंत्र हा सारा साठा तासाभरात संपवील.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. थंडीत बंद गाडीत शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून कधीही झोपू नये. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो, आणि झोपलेल्या माणसाला कळायच्या आत त्याचा जीव जातो. घिसाड्याची भट्टी नेहमी उघड्यावर असे, यात शहाणपण होते.

गाव गाडीत मावत नाही

आता हिशेब जुळवून पाहा. चाके, छप्पर, वीज, थोडे पाणी एवढे सोबत नेता येते. विहीर, बाजार, दवाखाना, शाळा नेता येत नाही. चाकांवरचे घर स्वतंत्र दिसते. प्रत्यक्षात ते रोज नव्या गावावर अवलंबून असते. हौसेने फिरणाऱ्याचे कुठे तरी पक्के घर असते, पत्ता असतो. पोटासाठी फिरणाऱ्याजवळ तो नसतो, आणि पत्त्यावाचून कागद अडतात.

यात सर्वांत मोठे नुकसान मुलांचे होई. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी नाकारता येत नाही. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. गावाबाहेर एखादे बिऱ्हाड उतरले आणि त्यातला मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गाच्या दाराशी आली, तर बाकावर थोडे सरकून जागा करा. मग धाव कशी चढते, हे तिलाच विचारा. कदाचित तुमच्या पुस्तकात नसलेले काही ती सांगेल.

करून पहा : एका बादलीत मोजून १० लिटर पाणी घ्या. सकाळपासून झोपेपर्यंत पिणे, हात-तोंड धुणे, ताट-वाटी घासणे एवढ्याच पाण्यात भागते का, ते पाहा. तहान मात्र मारू नका. कशाला किती पाणी लागले, त्याचा तक्ता करून वर्गात लावा.