घारापुरी : लेण्यांपलीकडचे बेट

पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यात, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे 10 किलोमीटरवर घारापुरी बेट आहे. बहुतेक पर्यटक त्रिमूर्तीसमोर छायाचित्र काढून परततात. मात्र दोन टेकड्या, तीन गावे, खाजण आणि बंदर मिळून हे बेट बनले आहे, आणि छायाचित्रकाराला खरे वैविध्य तिथेच सापडते.

पश्चिमेकडच्या टेकडीत पाच शैव लेणी आहेत, तर पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकातले असून ते कलचुरींच्या काळात कोरले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. 1534 मध्ये बेट पोर्तुगिजांकडे गेले. किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी त्याला एलिफंटा हे नाव दिले. हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा 1864 मधला प्रयत्न फसला. आज तो मुंबईच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. 1987 मध्ये युनेस्कोने लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या लेण्यांचे छायाचित्रण दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाले. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि 1871 मध्ये जेम्स बर्जेस यांनी घारापुरीवरचे पुस्तक छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. तेव्हाचा अंधाराचा प्रश्न आजही कायम आहे. मुख्य लेण्याचे दार उत्तरेला आहे, पूर्व-पश्चिमेलाही ते उघडे आहे. दाराजवळच्या नटराज आणि योगीश्वर शिल्पांना उत्तरेचा मऊ उजेड मिळतो. सुमारे 6 मीटर उंचीची त्रिमूर्ती मात्र दक्षिण भिंतीत खोल कोरलेली असल्याने अंधुक राहते. समोरून फ्लॅश मारला की दगड सपाट दिसतो आणि तिन्ही मुखांवरचे भाव हरवतात. बाजूने येणाऱ्या नैसर्गिक उजेडातच कोरीवकामाची खोली उठून दिसते. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर आयएसओ वाढवून हात स्थिर ठेवावा.

लेण्यांच्या वर, टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या तोफा आहेत. तिथून बंदराचा मोठा पट्टा दिसतो : एकीकडे जवाहर द्वीपावरचे तेलाचे धक्के, दुसरीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन आणि उत्तरेला जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू. पाऊस सरल्यानंतर हवा स्वच्छ असते, तेव्हा हे दृश्य सर्वांत चांगले टिपता येते.

शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही बेटावरची तीन गावे. मासेमारी, पायऱ्यांवरची दुकाने, खानावळी आणि पर्यटकांची ने-आण यांवर इथल्या घरांचा संसार चालतो. समुद्राखालून टाकलेल्या सुमारे 7.5 किलोमीटर केबलमधून फेब्रुवारी 2018 मध्ये इथे कायमची वीज आली. तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटरवर भागवले जाई. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्यात रुतलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि धक्क्यावरून सुटणारी छोटी आगगाडी हे इथले रोजचे चित्र आहे. लेण्यांच्या वाटेवर माकडे खाऊची पिशवी हिसकावतात, म्हणून कॅमेऱ्याची पिशवी बंद ठेवावी.

पनवेलहून लोकलने बेलापूरला गाडी बदलून उरणला जाता येते. उरणजवळच्या मोरा बंदरातून बेटाकडे होड्या जातात. हे बंदर गाळाने भरत असल्याने भरती-ओहोटी पाहूनच निघावे. गेटवेहून लाँचची सोय अधिक नियमित आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद राहतात. लेणी सोमवारी बंद असतात आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून सकाळची पहिली लाँच गाठावी. गावात छायाचित्र काढण्यापूर्वी समोरच्या माणसाला विचारावे.