जोशींना शुभेच्छा द्या, मगच कॉम्प्युटर सुरू होईल

वाशी असो की पनवेल, चालू न होणारा लॅपटॉप दुकानात नेला की निदान तयारच असतं: "फॉरमॅट मारावा लागेल." त्यावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिमची बिऱ्हाडं असली, तर हे वाक्य जरा जास्तच लवकर ऐकू येतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. रुसलेली असते ती फक्त मशीन सुरू करून देणारी चिमुकली यंत्रणा. फोटो, हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं.

चिमुकली म्हणजे किती? १९८३ च्या डॉस २.० पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ चार पार्टिशनच्या नोंदींना आणि शेवटचे दोन '५५एए' या शिक्क्याला. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरला जागं करणाऱ्या जागेत जेमतेम १४८ चिन्हं! लग्नपत्रिकेतला आग्रहाच्या निमंत्रणाचा मजकूरही त्यात मावायचा नाही.

पण व्हायरस मावायचा, निदान त्याचं डोकं तरी. जून १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस नेमका इथेच ठाण मांडून बसायचा. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की पडदा अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला सांगे. निमूट टाइप केलं की काम पुढे सुरू! कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून तो जात नसे. वीज बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करावं लागे. त्या दिवशी ऑफिसातल्या खऱ्या जोश्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे. त्याचा चुलतभाऊ 'मायकेलअँजेलो' इतका गमत्या नव्हता. तो ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर सरळ कचरा लिहायचा. असल्याच आजारांच्या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर कॉम्प्युटरकडे वळले. धाकटे बंधू संजय यांनी व्हायरसवर उतारा लिहायला घेतला, आणि त्यातूनच क्विक हील उभं राहिलं.

मशीन सुरू करून देणाऱ्या या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात. लिनक्सचा जुना बूटलोडर 'लिलो' आपलं दुखणं अक्षरांत सांगायचा. एकेक टप्पा पार पडला की नावातलं एकेक अक्षर पडद्यावर. 'एल'वर अडला की दोष एका जागी, 'एल-आय'वर अडला की दुसऱ्या. विंडोजच्या निळ्या पडद्यापेक्षा ही सोय बरी होती, असं माझं मत.

आता माझं सगळ्यात आवडतं कोडं. लिनक्स बंद करून विंडोज सुरू केलं, तर घड्याळ साडेपाच तास मागे! सकाळी नऊची पनवेल लोकल गाठायची, आणि पडद्यावर पहाटेचे साडेतीन. लोक मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी बदलून आणतात, तरी घड्याळ मागेच. बॅटरीचा त्यात काडीचा दोष नसतो. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स यूटीसी, म्हणजे ढोबळमानाने ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं. विंडोज तोच आकडा स्थानिक वेळ समजून वाचतं. लंडनमध्ये हिवाळ्यात हा घोळ दिसतच नाही, कारण तिथे फरक शून्य. काठमांडूत तो पावणेसहा तासांचा. म्हणून निदान सोपं आहे: चूक बरोब्बर साडेपाच तासांची असेल तर भांडण दोन सिस्टिमचं. मशीन दरवेळी कुठल्या तरी जुन्या वर्षात जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत असेल, तरच बॅटरी बदला. भांडण मिटवायला टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलची एक ओळ पुरते. तिने लिनक्स स्थानिक वेळ पाळू लागतं.

शट डाउन केलं म्हणजे विंडोज बंद झालं, हाही गैरसमजच. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ते अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह उघडला, तर फायली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. रिस्टार्ट मात्र खरंखुरं असतं.

सुरुवातीच्या मेन्यूतून विंडोजच गायब? 'लिलो'ची जागा घेणारा लिनक्सचा बूटलोडर म्हणजे ग्रब. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ ने सुरक्षेसाठी शेजारची सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवला. सेटिंगमधली एक ओळ बदलून 'अपडेट-ग्रब' चालवलं की विंडोज परत हजर. उलट, अपडेटनंतर लिनक्स दिसेनासं झालं तर आधी बायोसमधला बूटचा क्रम बघा. नव्या यूईएफआय मशीनवर दोघांचे बूटलोडर एकाच छोट्या पार्टिशनमध्ये गुण्यागोविंदाने नांदतात. कोणी तरी रांगेत पुढे घुसलेलं असतं, इतकंच.

लिनक्स नवी मुंबईला परकं नाही. खारघर स्टेशनजवळचं सी-डॅक हे सरकारी संगणक-संशोधन केंद्र पूर्वी एनसीएसटी होतं. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून त्या संस्थेने 'इंडिक्स' तयार केलं. आणि खाडीपलीकडे, पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट ऐकायला मिळतात.

दोन सिस्टिमवाल्यांसाठी मोठा भूकंप झाला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. विंडोजच्या अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर अडवायची नवी यादी बसवली. दोन सिस्टिम असलेली मशीनं त्यातून वगळायची होती, पण ती ओळखण्यातच गफलत झाली. कितीतरी लोकांचं लिनक्स 'काहीतरी भयंकर बिघडलंय' अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडलं. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. तोवरचा उपाय असा: बायोसमध्ये सिक्युअर बूट (बूटलोडर विश्वासू आहे का ते तपासणारा पहारा) बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ती यादी काढायची आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं.

मात्र सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असेल, तर ती फोनवरूनही दिसते. विंडोजने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं एक अक्षर वाचता येणार नाही.