रोखीचा भाव आणि शोरूमचा हिशेब

धान, कापूस, डाळ वा किराणा यांच्या व्यापारात पिढ्या गेलेल्या घराला भाव करणे कोणी शिकवावे? मूलच्या राइस मिलवर क्विंटलमागे पाच रुपयांसाठी अर्धा तास अडून बसणारा व्यापारी मोटारीच्या शोरूममध्ये मात्र दोन कप चहा आणि सवलतीचा एक आकडा एवढ्यावर सही करून बाहेर पडतो, असे अनेकदा दिसते. त्याचे कौशल्य कमी पडते असे नाही. पेढीवरचे नियम तेथे उलटे चालतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पेढीवर रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. रोख देणारे गिऱ्हाईक मानाचे. याच सवयीने तो शोरूममध्ये पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, 'कर्ज नको, एकरकमी देतो.' सौद्याची दोरी येथेच हातून सुटते. नव्या मोटारीच्या मूळ किमतीत विक्रेत्याचा नफा मर्यादित असतो. कर्ज मिळवून दिल्याचे कमिशन, विम्यावरील कमिशन, सीट कव्हरसारखे साहित्य आणि जुन्या गाडीची अदलाबदल यांवर त्याची मोठी भिस्त असते. कर्ज न घेणारा ग्राहक त्यातील एक वाटा काढूनच घेतो. शिवाय एका व्यवहारात दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली आहे. तेव्हा नोटांच्या बंडलांचा दबदबाही उरलेला नाही. म्हणून गाडीचा भाव लेखी ठरेपर्यंत पैसे कसे देणार हे सांगू नये. त्यासाठी असत्य बोलण्याची गरज नाही. न विचारलेले न सांगणे पुरे.

दुसरी अडचण 'ऑन-रोड' या एका आकड्याची. त्यात एक्स-शोरूम किंमत, वाहन कर, नोंदणी, विमा, वाढीव हमी, साहित्य आणि कधी 'हँडलिंग'च्या नावाखालची रक्कम, असे सारे एकत्र बांधलेले असते. विक्रेता एका कलमात दहा हजार सोडतो आणि दुसऱ्यात बारा हजार भरून काढतो. शासकीय करात घासाघीस होत नाही. वाहन कराचे दर राज्यभर एकच असल्याने चंद्रपूर आणि नागपूरच्या दरपत्रकांत फरक पडतो तो मुख्यतः सूट, विमा आणि साहित्य यांत. एकाच मॉडेलचे, एकाच प्रकाराचे कलमवार दरपत्रक दोन्हीकडून घ्यावे. देसाईगंज वा गडचिरोलीच्या कुटुंबाला पुढची सर्व्हिसिंग जवळ हवी असते. नागपूरचा कागद दाखवल्यावर चंद्रपूरचा विक्रेता बहुधा बोलायला तयार होतो.

विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला त्रयस्थ पक्षाचा तीन वर्षांचा विमा आवश्यक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो. जुनी गाडी देऊन टाकताना तिचा 'नो क्लेम बोनस' विसरला जातो. पाच वर्षे दावा केलेला नसेल, तर नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते आणि नव्या गाडीवर नेता येते.

कर्ज घ्यायचेच असेल तर 'फ्लॅट' व्याजदरापासून सावध राहावे. आठ लाख रुपये, पाच वर्षे, सात टक्के फ्लॅट: व्याज २ लाख ८० हजार, मासिक हप्ता १८,००० रुपये. घटत्या शिलकीवर हाच दर सुमारे साडेबारा टक्के पडतो! १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांत सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे विवरणपत्र ग्राहकाला देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे आणि सहीपूर्वी वाचावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यांऐवजी १८ टक्के झाला. सहा लाखांच्या करपूर्व किमतीच्या लहान पेट्रोल गाडीवर हा फरक ६६ हजारांचा होतो. ती शासनाने दिलेली कपात आहे. विक्रेत्याची सूट तिच्यापेक्षा वेगळी मागावी. सूट बिलातच वजा करून घ्यावी. करपूर्व किमतीतून २० हजार कमी झाले, तर ३,६०० रुपयांचा जीएसटीही वाचतो. 'फुकट' मॅट आणि कव्हर यांत तो लाभ नाही. बिल फर्मच्या नावे घेतले की भरलेला जीएसटी परत मिळतो, हा समजही व्यापारी घरांत खोल रुजला आहे. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवर, ती विक्रीसाठी, भाडोत्री प्रवासी वाहतुकीसाठी वा वाहनप्रशिक्षणासाठी नसल्यास, तो परतावा मिळत नाही.

मुहूर्ताचेही असेच. धनत्रयोदशीलाच गाडी हवी, हे कळल्यावर विक्रेता कशाला झुकेल? सौदा आधी पक्का करावा, गाडी मुहूर्तावर आणावी. आणि सूनबाईंना लाल रंग फार आवडला, ही गोष्ट सही होईपर्यंत घरातच राहिलेली बरी.

भद्रावतीला पार्श्वनाथांच्या दर्शनाला गाडी नेण्यापूर्वी एक कागद पाहावा: विक्री प्रमाणपत्र, अर्थात नमुना २१. त्यात गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष नोंदलेले असते. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी माथी मारली जात असेल तर ते येथे उघड होते. तीच गाडी घ्यायची झाल्यास तिची सूट निराळी मागता येते. या कागदावरचा चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा, मगच शेवटची रक्कम द्यावी.